ताई, नुसत्या ए-टी-जी-सीत लोकांना एवढं काय आवडतं?

"ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएससी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. आमच्या मॅडमनी हळदीच्या शेतातल्या मातीतून एक बॅसिलस जातीचा जिवाणू वेगळा केलाय, तो कंदकुज करणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जंतूला प्लेटवर अडवतो. मैत्रिणीला प्लेटचं काम मिळालं आणि मला त्याच बॅसिलसच्या जिनोमचा, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएच्या ए-टी-जी-सी अक्षरांचा डेटा, 'बघ काय निघतंय' म्हणून. तिला चार दिवसांत डोळ्यांनी झोन दिसतो, म्हणजे पिथियम वाढलंच नाही ती मोकळी जागा, मी तीन आठवडे लॅपटॉपसमोर बसलेय आणि निम्म्या वेळा टूल इन्स्टॉलच होत नाही. पुढे बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर असा डेटा वाचायचं शास्त्र, घे, स्कोप आहे असं सगळे सांगतात. दादा म्हणतो कोडिंगच करायचं तर सरळ आयटीत जा, नाहीतरी हे सगळं उद्या एआय करणार. आईचं म्हणणं, क्यूसीची (मालाची गुणवत्ता तपासायची) नोकरी मिळतेय ती सोडू नको. मला एकच विचारायचंय. जे लोक वर्षानुवर्षं हे काम करतात आणि आवडतं म्हणतात, त्यांना त्यात नक्की आवडतं काय? खरं सांगा. - प., तासगाव"

प.,

'यात स्कोप आहे का' असं विचारणारी पत्रं मला सतत येतात, 'आवडतं काय' असं विचारणारं तुझं पहिलंच. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाच. नोकरीचं पण बोलू, पण ते शेवटी.

मी मूळची चंद्रपूरकडची. आमच्या वर्गात एक मुलगी होती, पावसाळा लागला की ती आठ-आठ दिवस शाळेत यायची नाही, हातपाय इतके दुखायचे की रात्रभर रडायची असं तिची आई आमच्या आईला सांगायची, आणि सगळे म्हणायचे 'तिला सिकल आहे'. आमच्याकडे हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, ताप-खोकल्यासारखा. पुढे बीएससीला पुस्तकात दोन ओळी आल्या, बीटा ग्लोबिन प्रोटीनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं आणि लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. दोन मार्कांचा प्रश्न. मी पाठ केला, लिहिला, मार्क मिळाले, पण त्या दोन ओळी आणि ती मुलगी यांचा संबंध माझ्या मनात तेव्हा जुळलाच नाही.

२०१२ मध्ये मी पुण्यात एका प्रोजेक्टवर ज्युनियर म्हणून लागले, तुझ्यासारखीच, टर्मिनलची काळी खिडकी उघडली की छातीत धडधड. तेव्हा १००० जिनोम्स नावाचा मोठा प्रकल्प चालू होता, जगभरातल्या लोकांचे जिनोम वाचायचे आणि डेटा नेटवर सगळ्यांना खुला ठेवायचा, त्यात नायजेरियातल्या इबादानच्या योरुबा लोकांचेही नमुने होते. सीनियर म्हणाले सराव म्हणून कुठलाही एक जीन उघडून बघ. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, बीटा ग्लोबिनच आला.

रात्रीचे आठ वाजून गेलेले, लॅबमध्ये मी एकटी. आयजीव्ही म्हणून एक प्रोग्राम आहे, तूही वापरशील, त्यात वर क्रोमोसोमची पट्टी दिसते आणि तिच्याखाली एकाखाली एक करड्या पट्ट्या, एक पट्टी म्हणजे मशीनने वाचलेला डीएनएचा एक तुकडा, त्याला रीड म्हणतात. संदर्भ जिनोमशी, म्हणजे तुलनेसाठी सगळे वापरतात त्या ठरलेल्या जिनोमशी, अक्षर जुळलं की पट्टी करडी राहते, नाही जुळलं तर तेवढं अक्षर रंगात उठून दिसतं. मी ११व्या क्रोमोसोमवर ५२,४८,२३२ हा आकडा टाकला. पहिल्या नमुन्यात सगळं करडं, दुसऱ्यातही, असं करत सातव्या की आठव्या नमुन्यात त्या जागेवर पाच रीड्स होत्या, तेव्हाचा डेटा पातळच असायचा, तीन करड्या आणि दोनांमध्ये एक एक हिरवं ए.

पण गंमत बघ, पुस्तकात होतं जीएजीचं जीटीजी होतं, म्हणजे ए जाऊन टी येतो, आणि माझ्या समोर बरोबर उलटं, टी जाऊन ए आलेला. मला वाटलं मी चुकीच्या जागी आले. परत आकडा तपासला, परत तेच, मग वही काढली आणि आजूबाजूची अक्षरं हाताने लिहायला घेतली आणि जवळजवळ पाऊण तासाने लक्षात आलं की हा जीन उलट्या धाग्यावर आहे. डीएनएचे धागे दोन, एकावर ए असेल तर समोर टी, स्क्रीनवर कायम सरळ धागा दिसतो आणि बीटा ग्लोबिन मात्र उलट्या बाजूने वाचायचा असतो. मी वहीवरची अक्षरं उलटी वाचली, जोड्या बदलल्या, सीएसीचं झालं जीटीजी. तेच ते. रीड्सही दोन्ही प्रकारच्या होत्या, म्हणजे एक प्रत एका पालकाकडून चांगली आलेली, एक दुसऱ्याकडून बदललेली, म्हणजे हा माणूस वाहक. नायजेरियातला कोण कुठला, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि त्याच्या ३०० कोटी अक्षरांतलं ते एक अक्षर, जे चंद्रपूरजवळच्या माझ्या वर्गातल्या मुलीच्या रक्तात दोन्हीकडून आलेलं होतं. मी खुर्चीत मागे टेकून बसले आणि बराच वेळ उठले नाही.

तू विचारलंस आवडतं काय, तर हे. प्रश्न आपल्याला पडतो आणि त्याच रात्री उठून त्याच्या मागे जाता येतं. नमुना यायची वाट बघायची नाही, केमिकल संपलंय, कोटेशन मागवा, तीन महिन्यांनी येईल असलं काही नाही, एक लॅपटॉप, नेट, आणि मनात खरोखरचा प्रश्न. प्लेटच्या कामाला मी कमी लेखत नाहीये हं, प्लेटशिवाय आमच्याकडे डेटा येणारच नाही, पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर इतकं कमी असलेलं विज्ञानातलं दुसरं काम मी तरी बघितलेलं नाही, आणि ज्याला एकदा ती चटक लागली तो सुटत नाही.

आणि हे शक्य झालं ते आधीच्या लोकांनी मुद्दाम सगळं खुलं ठेवलं म्हणून. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी तोपर्यंत माहीत असलेल्या ६५ प्रोटीन्सचे सिक्वेन्स, म्हणजे अमिनो अ‍ॅसिड्सचे क्रम, गोळा करून एकत्र छापले, आणि अमिनो अ‍ॅसिड्सना आज आपण जी एकेका अक्षराची नावं वापरतो ती पण त्यांचीच. १९८२ मध्ये जेनबँक, म्हणजे डीएनएच्या सिक्वेन्सची खुली पेढी, सुरू झाली. १९९६ मध्ये बर्म्युडात जिनोमवाल्या शास्त्रज्ञांनी बसून ठरवलं की माणसाच्या जिनोमचा जो तुकडा जुळेल तो २४ तासांच्या आत सगळ्यांसाठी नेटवर टाकायचा, पेपर छापून यायची वाट बघायची नाही. विचार कर, आपल्या मेहनतीचा माल आपण वापरायच्या आधी जगाला द्यायचा. या क्षेत्राचे संस्कार असे झालेत आणि ते अजून टिकून आहेत, तासगावात बसून तू आपला सिक्वेन्स कोणाशी जुळतो ते शोधायला जे ब्लास्ट चालवतेस ना, त्याला कोणी पैसे मागत नाही, पासवर्ड मागत नाही.

याचं महत्त्व आपल्याला सगळ्यांना कळलं ते कोविडमध्ये. ११ जानेवारी २०२० ला त्या नव्या व्हायरसचा जिनोम नेटवर आला, जवळपास ३० हजार अक्षरं, माणसाच्या मानाने काहीच नाही, आणि त्या दिवशी जगातल्या कुठल्याही गावातला माणूस तो उतरवून घेऊन सार्सच्या शेजारी ठेवून बघू शकत होता. टेस्ट किट आणि लसी यांची सुरुवात त्या फाइलपासून झाली, व्हायरस हातात नसतानाही. मग दुसरी लाट. २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये दोन बदल वाढत असलेले दिसायला लागले, ई४८४क्यू आणि एल४५२आर, मार्चमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ते जाहीर केलं, पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या) लोकांनी त्यावर काम केलं आणि त्याच कुळातला एक प्रकार पुढे जगभर डेल्टा म्हणून ओळखला गेला. एल४५२आर वाचायचं कसं माहितीये ना, ४५२व्या जागी ल्युसिन होतं तिथे आर्जिनिन आलं, एल आणि आर ही अक्षरं डेहॉफबाईंची. त्या दिवसांत आमचा एक मित्र घरात आई ऑक्सिजनवर असताना रात्री नमुन्यांचा डेटा लावायचा. मी त्याला म्हटलं अरे राहू दे, तर म्हणाला निदान इथे माझ्या हातात काहीतरी आहे. हे 'आवडणं' आहे का, मला नाही माहीत, पण तो ते काम सोडायला तयार नव्हता एवढं मी बघितलंय.

दुसरी गोष्ट, जी तुला आत्ता दिसणार नाही, ती म्हणजे आपण केलेलं काम आपल्याला न ओळखणारी माणसं वापरतात. आपल्या पुणे विद्यापीठात १९८७ पासून बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर आहे, तेव्हा हा शब्द इकडे फारसा कोणी ऐकलेलाही नव्हता. अशोक कोळसकर आणि टोणगावकर या दोघांनी १९९० मध्ये एक छोटासा पेपर छापला, तीन पानांचा. प्रश्न असा की एखाद्या प्रोटीनचा नुसता सिक्वेन्स बघून त्याचा कुठला भाग आपल्या शरीरातल्या अँटीबॉडी पकडतील हे सांगता येईल का. त्यांनी प्रयोगातून आधीच माहीत असलेले असे भाग गोळा केले, त्यात कुठलं अमिनो अ‍ॅसिड किती वेळा येतं ते मोजलं, बघितलं तर सिस्टिन, ल्युसिन, व्हॅलिन ही पाण्यापासून लांब पळणारी मंडळी प्रोटीनच्या पृष्ठभागावर आली की तिथे अँटीबॉडी बसायची शक्यता जास्त, आणि त्यावरून एक साधी पद्धत बांधली जी साधारण ७५ टक्के वेळा बरोबर यायची. एवढंच. मोजणी, सरासरी, थोडी हुशारी. आज कुठल्याही देशातला विद्यार्थी लसीच्या डिझाइनचा पेपर लिहायला बसला की मेथड्समध्ये 'कोळसकर-टोणगावकर' दिसतं, स्पेलिंग वाचताना त्यांची जीभ अडखळत असेल पण वापरतात. मला दर वेळी ते नाव वाचलं की बरं वाटतं, आपल्या माणसांचं म्हणून तर आहेच पण त्याहून जास्त यासाठी की ते काम अजून जिवंत आहे.

जिम केंटचं पण सांगते. २००० साली ते कॅलिफोर्नियात सांता क्रूझला पीएचडीचे विद्यार्थी होते, त्याआधी अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर्स लिहायचे. माणसाच्या जिनोमचे लाखो तुकडे तयार होते, पण ते जोडायचे कोणी, आणि दुसरीकडे एक खाजगी कंपनी पुढे निघालेली. केंटनी चार आठवड्यांत घरच्या गॅरेजमध्ये बसून जोडणीचा प्रोग्राम लिहिला, टायपिंगने मनगटं इतकी दुखायची की रात्री बर्फ लावून शेकायचे, १०० साध्या पेंटियम कॉम्प्युटरांवर तो चालवला आणि ७ जुलै २००० ला तो जोडलेला जिनोम सगळ्या जगासाठी नेटवर गेला. मला त्यात हिरोगिरी दिसत नाही, मला दिसतं की त्यांना मधेच थांबवत नव्हतं. तसं होतं आपल्याला, कोडमधली एक चूक सापडत आलेली असते आणि घरून जेवायला हाका येत असतात.

आता तुझ्या त्रासाकडे येते, कारण मजा मजा म्हणून मी तुला अर्धंच सांगितलं तर ते खोटं होईल. टूल इन्स्टॉल न होणं ही तुझी चूक नाही, मी आजही त्यात दिवस घालवते. या कामाचा मोठा भाग साफसफाईचा आहे. एकाने मोजणी शून्यापासून सुरू केलेली असते, दुसऱ्याने एकपासून, दोन फाइल्स एकत्र आणल्या की सगळं एका अक्षराने सरकतं आणि प्रोग्राम काही तक्रार करत नाही, बिनबोभाट चुकीचं उत्तर देतो. एक्सेलचं तर ऐकलं असशील, सेप्ट२ नावाचा जीन टाइप केला की एक्सेल त्याची करतं २ सप्टेंबर, मार्च१ ची १ मार्च, आणि हे इतक्या पेपरांच्या तक्त्यांमध्ये झालं की शेवटी २०२० मध्ये जीन्सना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने जीन्सचीच नावं बदलली.

माझ्यावर बेतलेलं सांगते. २०१५ च्या आसपास एका हॉस्पिटलकडून आमच्याकडे पेशंट्सच्या म्युटेशन्सची यादी आली, आम्हाला ती आमच्याकडच्या डेटाशी ताडून बघायची होती. काहीच जुळेना. दहा दिवस मी कोड तपासला, डेटा परत उतरवला, सरांना वाटायला लागलं मला जमत नाहीये आणि मलाही तसंच वाटायला लागलं. एका संध्याकाळी काही सुचेना म्हणून मी माझा तो पाठ झालेला आकडा टाकला, ११वा क्रोमोसोम, ५२,४८,२३२, आणि बघते तर तिथे बीटा ग्लोबिन नव्हताच. क्षणभर पोटात गोळा आला आणि मग उजेड पडला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये माणसाच्या संदर्भ जिनोमचा नवा नकाशा आला होता, त्यात बरेचसे पत्ते बदलले, सिकलचं अक्षर ५२,२७,००२ वर गेलं, २१ हजार अक्षरं अलीकडे. आमच्या मशीनवर नवा नकाशा होता आणि हॉस्पिटलची यादी जुन्या नकाशावरची, कोणीच कुठे लिहिलेलं नव्हतं. पत्ते बदलून घेतले आणि पाच मिनिटांत निम्मी यादी जुळली. दहा दिवस फुकट गेले म्हणून वाईट वाटलं का, वाटलं, पण ज्या क्षणी लक्षात आलं त्या क्षणाचा आनंद मला अजून अंगात आठवतो. आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत नकाशाचं व्हर्जन असतं, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पण मी पहिल्या दिवशी तेच लिहायला लावते.

या कामात मन रमणारी माणसं मी बघितली ती सगळी या जातीची. चूक सापडेपर्यंत झोप न येणारी, आणि एका विषयात मन न मावणारी. वर्षभरात माझ्या टेबलावर टीबी येतो, द्राक्षाची भुरी येते, कोणाच्या बाळाचा दुर्मिळ आजार येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे सरांनी हरियाणात राखीगढीला उत्खनन केलं, तिथल्या सांगाड्यांतून डीएनए काढायचा प्रयत्न झाला तेव्हा ६१ नमुने तपासून त्यातल्या फक्त एकातून कामापुरतं काही मिळालं, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक बाई, आणि २०१९ मध्ये तो पेपर आला. तिच्या डीएनएचे झिजलेले बारीक तुकडे जुळवणारे लोक आणि तुझा बॅसिलस जोडणारी तू, प्रोग्राम थोडेफार वेगळे असतील, पण कामाची रीत तीच.

आणि ज्यांना आवडत नाही तेही सांगते. जे फक्त 'स्कोप' ऐकून येतात ते दोन वर्षांत कंटाळतात, मी अशा किमान सहा-सात जणांना जाताना बघितलंय आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्यांना हाताने काम करायला लागतं, वास, रंग, पिपेटची टिकटिक, त्यांना इथे कोरडं वाटतं. शिवाय बऱ्याच संस्थांत पोस्ट प्रोजेक्टवर असते, प्रोजेक्ट संपला की पोस्ट संपली, मुदतवाढीच्या कागदाची वाट बघत महिने जातात. आणि एक त्रास कायमचा, समोरचा म्हणतो 'फक्त कॉम्प्युटरवर टाकून दे ना, एक बटण तर दाबायचंय'. पाठदुखीचं तर बोलतच नाही, दर तासाला उठायची सवय आत्तापासून लाव.

दादाला सांग आयटी वाईट नाहीच, पण तिकडे बहुतेक वेळा काय बनवायचंय ते कोणीतरी आधी ठरवलेलं असतं. इथे शेवटी काय निघणार हे मॅडमनाही माहीत नसतं, म्हणून तर त्या म्हणाल्या 'बघ काय निघतंय'. एआयचं म्हणशील तर २०२२ मध्ये अल्फाफोल्डने २० कोटींच्या वर प्रोटीन्सच्या रचनांचे अंदाज खुले केले, २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला, मला तेव्हा खरंच वाटलं होतं की रचनांवर काम करणारे आमचे मित्र आता काय करणार. ते आज आधीपेक्षा जास्त कामात आहेत. जी रचना मिळायला आधी दोन वर्षं जायची ती आता पहिल्या दिवशी हातात असते, आणि प्रश्न तिथून पुढे सुरू होतात.

आईचं म्हणणं पण चूक नाही. क्यूसीची नोकरी म्हणजे दर महिन्याला पगार, आणि त्याची घरात गरज असेल तर बिनधास्त घे, दोन वर्षांनी पण या कामात येता येतं, मी असे लोक ओळखते. पण नको किंवा हो म्हणायच्या आधी सेमिस्टर संपेपर्यंतचे जे दोन-अडीच महिने आहेत ते या डेटाला नीट दे. आणि आवडलंच तर पुढच्या शिक्षणाला पुणे विद्यापीठातच एमएससी बायोइन्फर्मॅटिक्स आहे, किंवा कुठल्यातरी प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून लागून काम करता करता शीक, मला विचारशील तर मी दुसरा रस्ता सुचवेन कारण तुझ्याकडे बायोलॉजी आधीच आहे.

आता तुझा बॅसिलस. तीन आठवडे तू टूलशी भांडतेयस कारण तुझ्याकडे डेटा आहे पण प्रश्न नाही. 'बघ काय निघतंय' हा प्रश्न नव्हे. प्रश्न तुझ्या मैत्रिणीच्या प्लेटवर आहे: हा बॅसिलस पिथियमला अडवतो, तर कशाने? त्या एका वाक्याचा कागद करून लॅपटॉपला चिकटव.

इन्स्टॉलची भानगड आत्ता बाजूला ठेव आणि गॅलॅक्सी वापर, ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, तुझ्या लॅपटॉपवर ताण नाही. आधी फास्टक्यूसीने रीड्स कशा आहेत बघ, मग त्या जोडून घे. तुझा बॅसिलस सब्टिलिसच्या जवळचा असेल तर साधारण ४२ लाख अक्षरं यायला हवीत, त्यातून १६एस चा, म्हणजे जिवाणू ओळखायला वापरतात त्या जीनचा, दीड हजार अक्षरांचा तुकडा काढ आणि ब्लास्ट करून कोण आहे ते आधी नक्की कर, १६एसने बॅसिलसच्या जवळच्या जाती नीट सुटत नाहीत, तेव्हा तेवढ्यावर विश्वासून नाव लिहून टाकू नको. मग जोडलेला जिनोम अँटीस्मॅशला दे, ते असली द्रव्यं बनवणारे जीन्सचे समूह शोधतं. ते तुला रंगीत बाणांच्या ओळी दाखवेल, एकेक बाण म्हणजे एकेक जीन, आणि शेजारी लिहिलेलं असेल की हा समूह कुठल्या द्रव्याच्या समूहाशी मिळताजुळता आहे. सरफॅक्टिन, फेंगायसिन, इटुरिन असली नावं दिसतात का बघ, ही साबणासारखी द्रव्यं आहेत, बॅसिलस ती बाहेर सोडतो आणि त्यातली काही बुरशीचं आवरण फोडतात.

पण नुसता समूह दिसला म्हणून खूश होऊ नको, इथेच खरी मजा आहे. ब्लास्टमध्ये तुला ज्याचं नाव बहुतेक पहिल्या पानावर दिसेल तो सब्टिलिस १६८, १९९७ मध्ये ज्याचा जिनोम पूर्ण वाचला गेला आणि जगातल्या कितीतरी लॅबमध्ये जो असतो, त्याच्याकडे सरफॅक्टिन बनवायचे मोठे मोठे जीन्स आहेत, तरी तो सरफॅक्टिन बनवत नाही. कारण एसएफपी नावाचा एक छोटासा जीन आहे, तो त्या यंत्रांची किल्ली, ती फिरल्याशिवाय यंत्र चालू होत नाही, आणि १६८ मध्ये त्या जीनमधली अक्षरांची चौकट सरकलेली आहे, प्रोटीन अर्धवटच बनतं. सगळा कारखाना उभा, किल्ली तुटलेली.

म्हणून तुझ्या जिनोममध्ये एसएफपी शोध, सरफॅक्टिनच्या समूहाच्या आसपासच बघायला सुरुवात कर, आणि १६८ च्या एसएफपीच्या खाली तुझा ठेवून एकेक अक्षर ताडून बघ, प्रोग्रामने करच पण एकदा वहीवर हातानेही कर, आणि जीन उलट्या धाग्यावर आहे की सरळ ते आधी बघून घे. प्लेटवर झोन येतोय म्हणजे किल्ली बहुतेक शाबूत असणार. पण ती तुटलेली निघाली, तर मात्र तुझा बॅसिलस पिथियमला दुसऱ्याच कशाने तरी अडवतोय, आणि ते कशाने हे मॅडमना, तुझ्या मैत्रिणीला, कोणालाच माहीत नाही.

बघितलंस की मला लिही, रात्री उशिरा बघितलंस तर रात्रीच लिही.